तीन रासमुसेन, नातं मात्र काहीच नाही

१९९३ ते २०११. सलग अठरा वर्षं डेन्मार्कच्या पंतप्रधानांचं आडनाव एकच, रासमुसेन. माणसं मात्र तीन. आधी पॉल न्यूरुप रासमुसेन, मग अँडर्स फॉग रासमुसेन, मग लार्स लोके रासमुसेन, आणि तिघांचं आपसात काहीही नातं नाही, घराणेशाही वगैरे अजिबात नाही. लोक मग त्यांना सरळ मधल्या नावानेच ओळखायला लागले. न्यूरुप, फॉग, लोके.

एवढी सारखी आडनावं आली कुठून?

रासमुसेन म्हणजे रासमुसचा मुलगा, बस. जुन्या डेन्मार्कमध्ये साध्या शेतकऱ्याला घराण्याचं आडनाव नसायचंच. पेडरचा मुलगा येन्स असेल तर तो येन्स पेडरसेन, त्याला पुढे निल्स झाला की तो निल्स येन्सेन, आणि मुलगी झाली तर ती येन्सडॅटर, म्हणजे दर पिढीला शेवटचं नाव बदलणार आणि आजोबांचं नाव आपोआप गळून पडणार. गावात सगळे सगळ्यांना ओळखत होते, त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं. अडत होतं नोंदी ठेवणाऱ्या सरकारचं. १८२८ मध्ये हुकूम निघाला, बाप्तिस्म्याच्या वेळीच पोराला कायमचं आडनाव द्या. खेड्यापाड्यात हे कुणी लगेच मनावर घेतलं नाही, कित्येक वर्षं जुनंच चालू राहिलं, पण हळूहळू ज्या पिढीत जे नाव होतं ते तिथेच गोठलं. सगळीकडे निल्सेन, येन्सेन, हान्सेन. शेवटी १९०४ मध्ये सरकारलाच कायदा करून आडनाव बदलणं सोपं करावं लागलं!

यात मला सगळ्यात जास्त खटकतं ते बायकांचं. डॅटर गेलं, सेन तेवढं उरलं. २०१९ मध्ये पंतप्रधान झालेल्या मेट फ्रेडरिक्सन, त्यांच्या आडनावाचा अर्थ काय, तर फ्रेडरिकचा मुलगा.

शेजारच्या स्वीडनमध्ये वेगळीच गंमत. तिथे सैन्याच्या एका तुकडीत एकाच नावाचे चार-पाच जण निघायचे, म्हणून शिपायाला छोटं, कडक नाव द्यायचे. रास्क म्हणजे चपळ, मूडिग म्हणजे शूर, स्वॅर्ड म्हणजे तलवार. आणि शिपाई गेला की त्याच्या जागी येणाऱ्याला बऱ्याचदा तेच नाव मिळायचं, रक्ताचं नातं असो नसो. शिकलेल्यांची तऱ्हा अजून निराळी. निल्स इंगेमार्सोन नावाचा एक तरुण विद्यापीठात गेला, आडनाव हवं होतं, त्याने आपल्या जमिनीवरच्या मोठ्या लिंडेन झाडावरून लिनेयस असं नाव घेतलं. १७०७ मध्ये त्याला मुलगा झाला, तो कार्ल लिनेयस, ज्याने झाडाझुडपांना आणि प्राण्यांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं द्यायची पद्धत पक्की केली.

आइसलँडने मात्र जुनी रीत सोडलीच नाही. १९२५ मध्ये तर त्यांनी नवीन आडनावं घ्यायलाच बंदी घातली. १९८० मध्ये निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्ष विग्दिस फिन्बोगादोत्तिर म्हणजे फिन्बोगीची मुलगी, अगदी शब्दशः, आणि त्यांचा भाऊ फिन्बोगासोन. लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही, छापील फोनबुक होतं तेव्हा तेसुद्धा पहिल्या नावानेच लागायचं. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण इथे मुलगी मुलगीच राहते. आणि २०१९ च्या कायद्याने तिसरा पर्यायही आला, ज्यांची नोंद मुलगा किंवा मुलगी अशी नाही ते नावाला नुसतं 'बुर' लावू शकतात, म्हणजे अपत्य.