आधी वारा, मग पक्षी

श्रोतेहो, नमस्कार.

माघ सरत आला की मुंबईत काही दिवस मोठे चमत्कारिक येतात. पहाटे दूध आणायला खाली उतरताना खांद्यावर शाल घ्यावीशी वाटते, आणि त्याच दिवशी दुपारच्या लोकलमध्ये पंख्याखालची जागा मिळावी म्हणून माणसे एकमेकांना सरकायला सांगतात. पहाटेचा पारा सतरा-अठरा अंशांवर आणि दुपारचा पस्तिशीच्या पुढे, असा प्रकार फेब्रुवारीत आपण सारेच अनुभवतो. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ असे म्हणण्याची आपली रीत आहे; परंतु मुंबईची थंडी होळीपर्यंत धीर धरत नाही. ती चार दिवस जाते, दोन दिवसांसाठी माघारी येते आणि पुन्हा निघते. तिच्या या येण्याजाण्यात आपल्या आसपासचे पक्षी काय करतात, हे मी गेली बारा वर्षे मुलुंडच्या आमच्या घराच्या गॅलरीतून आणि जवळपासच्या खाडीवरून पाहत आले आहे. आज त्याविषयीच आपल्याशी बोलायचे आहे.

आमच्या घराची जागा या कामासाठी भाग्याचीच म्हणावी लागेल. पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि पूर्वेला ठाण्याची खाडी, त्यामुळे रानातले आणि पाणथळीतले असे दोन्ही पक्षी एका बसच्या अंतरावर. आरंभी मी वहीत फक्त पक्ष्याचे नाव आणि वेळ लिहीत असे. दोन हिवाळ्यांच्या नोंदी समोर ठेवल्यावर त्यांतून काहीच अर्थ लागेना. कालपर्यंत रोज दिसणारा पक्षी आज का नाही, आणि महिनाभर गप्प असलेला आज सकाळपासून का ओरडतो आहे, याचे उत्तर त्या नोंदींत नव्हते. मग पक्ष्याच्या नावाआधी वाऱ्याची दिशा लिहायला सुरुवात केली, आणि वही बोलू लागली.

मुंबईच्या हिवाळ्याचा सारा खेळ वाऱ्यावर चालतो. उत्तरेकडून वारा येतो तेव्हा रात्री थंड होतात. तोच पूर्वेकडून, म्हणजे देशावरून येऊ लागला की कोरडा असतो आणि सह्याद्री उतरताना आणखी तापतो. एरवी दुपारपर्यंत जमीन तापली की समुद्रावरची गार हवा शहरात शिरते आणि आपली सुटका करते. परंतु पूर्वेचा वारा जोरात असला की तो या समुद्री वाऱ्याला अडवून धरतो. खारे वारे उशिरा आले की त्या दिवशी उन्हाळा आलाच म्हणून समजावे. शिवाय वारा पडलेल्या थंड पहाटे जमिनीलगतची गार हवा धूर आणि धूळ धरून जागच्या जागी बसते, समोरचा डोंगर धुरकटात बुडतो, आणि मग डोळ्यांपेक्षा कानांवर भिस्त ठेवावी लागते. अशा हवेत आवाज मात्र लांबवरून येतो. रेल्वे रुळांपलीकडच्या भारद्वाजाचा घुमणारा ‘कूप कूप’ मला अशाच सकाळी गॅलरीत ऐकू येतो.

आता तांबट घ्या. चिमणीहून थोडासाच मोठा, अंगाने हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका, गळा पिवळा. तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा त्याचा ‘टुक, टुक, टुक’ आवाज, त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले. थंडीच्या दिवसांत हा पक्षी शहरातच असतो, परंतु बहुधा मुका असतो. ज्या सकाळी वारा पूर्वेचा होतो आणि हवा कोमट लागते, त्या सकाळी तो सुरू होतो. एकदा सुरू झाला की मिनिटामागून मिनिटे थांबत नाही. दुर्बिणीतून त्याला ओरडताना पाहणे हा मोठा आनंद आहे. चोच मिटलेलीच असते. प्रत्येक ठोक्याबरोबर गळ्याची पिवळी पिसे फुगतात आणि अंग किंचित हलते. ओरडता ओरडता तो मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवतो, म्हणून खाली उभ्या माणसाला आवाज कधी या झाडावरून, तर कधी त्या झाडावरून आल्यासारखा वाटतो. पुन्हा गारठा आला की तो गप्प. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्याकडचा तांबट तीन वेळा सुरू झाला आणि तीन वेळा थांबला. माझ्या वहीत त्याच्या मौनाच्या तारखा आणि उत्तरेच्या वाऱ्याच्या तारखा शेजारी शेजारी आहेत.

याच सुमारास तो घरटे कोरायला घेतो. त्यासाठी त्याला वाळलेली, मऊ झालेली फांदी लागते. आमच्या वसाहतीतल्या गुलमोहराच्या अशाच एका फांदीवर एका जोडीने चार वर्षे ढोल्या केल्या होत्या. एका फेब्रुवारीत ती फांदी ‘धोकादायक’ ठरवून कापण्यात आली. खाली पडलेल्या तुकड्यात तळहाताच्या खोलीची ताजी ढोली होती आणि तिच्या तोंडाशी लाकडाचा भुसा अजून चिकटलेला होता. वरची जोडी तासभर रिकाम्या जागेभोवती घिरट्या घालत होती. झाडाच्या फांद्यांना हात लावायचा तर महाराष्ट्रात १९७५ चा वृक्षसंरक्षण अधिनियम आहे आणि परवानगीची रीत आहे, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु वाळक्या फांदीत कुणाचे घर असू शकते याचा विचार कोणी करत नाही. आपल्या इमारतीच्या आवारात छाटणी ठरत असेल, तर ती करण्यापूर्वी त्या फांदीकडे पंधरा मिनिटे पाहावे, एवढी विनंती मी या निमित्ताने कळकळीने करते.

तांबटाच्या उलट गोष्ट हरियालाची. हा आपला राज्यपक्षी, पिवळ्या पायांचे हिरवे कबूतर. वड, पिंपळ, उंबर यांची फळे खाणारा हा पक्षी पानांत बसला की डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही. मात्र गारठ्याच्या सकाळी त्यांचा थवा निष्पर्ण झाडाच्या अगदी शेंड्यावर, छाती उगवत्या सूर्याकडे करून ऊन खात बसतो. राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, पाने झडलेल्या सावरीवर मी त्यांना असे कितीदा पाहिले आहे. उकाड्याच्या सकाळी तेच झाड रिकामे असते, आणि ते पक्षी गेलेले नसतात, तर पलीकडच्या वडाच्या पानांत असतात.

हवा कशीही असली, तरी दिवस मोठा होण्याचे थांबत नाही. डिसेंबरअखेर मुंबईचा दिवस साधारण ११ तासांचा असतो, फेब्रुवारीअखेर त्यात सुमारे पाऊण तासाची भर पडलेली असते. पक्ष्यांच्या शरीरातले ऋतुचक्र मुख्यतः या प्रकाशावर फिरते. आजच्या गारठ्याने किंवा उकाड्याने फार तर त्यांचा आजचा कार्यक्रम बदलतो. जांभळा शिंजीर पाहा. हिवाळ्यात त्याचा नर मादीसारखाच मळकट दिसतो, फक्त हनुवटीपासून पोटापर्यंत एक काळसर रेघ असते. जानेवारी-फेब्रुवारीत त्या रेघेच्या दोन्ही बाजूंनी चमकदार काळी-निळी पिसे फुटू लागतात, आणि काही दिवस तो अर्धवट रंगवलेल्या भिंतीसारखा दिसतो. पांगारा आणि सावर फुलून येईपर्यंत तो पुरता झळकू लागतो. त्या सावरीच्या लाल फुलांवर भोरड्याही येतात. काळे डोके, गुलाबी अंग, मध्य आशियाकडून आलेले हे पाहुणे. त्यांचा गलका सकाळी रस्त्यावरच्या वाहनांनाही मागे टाकतो. एप्रिलपर्यंत ते निघून जातील.

असाच बदल गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमागे उडणाऱ्या कुरव पक्ष्यांत दिसतो. हिवाळ्यात त्यांचे डोके पांढरे असते, कानामागे फक्त एक काळसर ठिपका. फेब्रुवारी उलटू लागला की एकेकाच्या चेहऱ्यावर तपकिरी टोपी चढू लागते. कुणाची पूर्ण, कुणाची डोळ्यांपर्यंत, कुणाची अजून नुसतीच धुरकट. ही टोपी म्हणजे उत्तरेकडच्या प्रजननाच्या प्रदेशात परतण्याची तयारी. त्यांना शेव, गाठ्या, वेफर्स भिरकावणाऱ्या प्रवाशांचा हेतू प्रेमाचाच असतो, हे मला मान्य आहे. परंतु लांबच्या प्रवासाला निघालेल्या आणि मासे, खेकडे, किडे खाणाऱ्या पक्ष्याला तळलेले खारट पदार्थ देणे त्याच्या हिताचे नाही. हात रिकामा ठेवून त्यांचे चेहरे पाहावेत. कितींच्या टोप्या पुऱ्या झाल्या हे मोजत गेले, तर घारापुरीपर्यंतचा तास पुरत नाही.

खाडीवर आणखी एक घड्याळ चालते, ते भरती-ओहोटीचे. शिवडीला रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो पाहायला मी पहिल्यांदा आईला घेऊन गेले तेव्हा हे घड्याळ मला वाचता येत नव्हते. भर ओहोटीची वेळ होती. मैलभर चिखल उघडा पडलेला आणि त्याच्या पार टोकाला एक फिकट गुलाबी रेघ. आई म्हणाली, “तू म्हणतेस म्हणून ते पक्षी, एवढंच.” तिथे जाळे विणत बसलेल्या एका कोळी काकांनी आमची निराशा ओळखली आणि म्हणाले, “ताई, पक्षी बघायचे तर आधी तिथी बघून यायचं.” मग त्यांनी कोळीवाड्यांतला आणि कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब सांगितला. पक्ष कोणताही असो, तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी.

हा हिशेब कळल्यापासून मी रिकाम्या हाताने परतलेली नाही. ओहोटीला पक्षी पाण्याच्या कडेने दूर पसरतात. पाणी चढू लागले की पायाखालचा चिखल बुडत जातो तसे ते पावलापावलाने किनाऱ्याकडे सरकतात. भरतीच्या आधीचे दोन-अडीच तास सर्वांत चांगले. पूर्ण भरतीला उभे राहायला जागाच उरत नाही, तेव्हा ते उडून नवी मुंबईकडच्या पाणथळ जागांवर विसावतात. त्या जागा राहिल्या, तरच खाडीवरचे थवे राहतील. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पण भरतीच्या वेळी हे पक्षी जिथे टेकतात, त्या तळ्यांचीही तितकीच काळजी वाहायला हवी, असे माझे ठाम मत आहे. मान उलटी करून, चोचीचा वरचा भाग खाली आणि खालचा वर अशा रीतीने चिखलपाणी गाळून खाणारा छोटा रोहित तीस-चाळीस पावलांवरून पाहिला, की हे मत आपोआप होते. आईने दुसऱ्या खेपेला तो पाहिला आणि पाणी पार जेट्टीला लागेपर्यंत ती जागची हलली नाही.

यासाठी लांब जाण्याची किंवा महागडी उपकरणे घेण्याची गरज नाही. गिरगावातल्या खेतवाडीत जन्मलेल्या पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अलींनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला एकाच ठिकाणी दिवसचे दिवस बसून सुगरण पक्ष्याचा संसार पाहिला, आणि त्या बैठकीतून जगाला नवे काही मिळाले. दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्याला ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही चार दिवसांची जागतिक गणना होते, तीत भारतातले निरीक्षक २०१३ पासून सहभागी आहेत. निदान पंधरा मिनिटे एका जागी थांबून दिसलेले पक्षी मोजायचे आणि नोंदवायचे, एवढेच तिचे काम आहे. आपण मोजाल तेव्हा कोपऱ्यात वाऱ्याची दिशाही लिहावी. घरासमोरच्या इमारतीवर धूर किंवा वाळत घातलेला कपडा कुठे झुकतो हे पाहिले की ती कळते. घारी पाण्याच्या टाकीवर कधीपर्यंत बसून राहतात, हेही टिपावे. जमीन तापून हवा वर चढू लागल्यावरच त्या पंख न हलवता उंच जातात. पूर्वेच्या वाऱ्याच्या तापल्या दुपारी गॅलरीत उथळ मातीच्या भांड्यात पाणी ठेवावे आणि ते रोज बदलावे. संक्रांतीचा मांजा अजून झाडांवर लोंबकळत असेल, तर हाताच्या टप्प्यातला तरी काढून टाकावा; त्यात अडकलेली घार सोडवणे फार अवघड होते.

आज सकाळी वारा उत्तरेचा होता, तांबट गप्प होता. उद्या षष्ठी आहे, म्हणजे भरती साडेचारच्या सुमारास. शिवडीचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, तेव्हा दुपारी ऊन पाठीशी येते आणि पक्ष्यांचे रंग स्वच्छ दिसतात. दोन वाजता आई आणि मी जेट्टीवर असू.

नमस्कार.