आपलाच कागद आपल्याला का सापडत नाही?

सभागृहात कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक भागांतली मंडळी अधिक दिसत आहेत, म्हणून सुरुवात संगणकापासून न करता फौंड्रीच्या ऑफिसातल्या एका नेहमीच्या प्रसंगापासून करतो. गिऱ्हाइकाचा फोन येतो, त्याला मागच्या वर्षीच्या एका कास्टिंगचा, म्हणजे साच्यात ओतलेल्या भागाचा, तपासणी अहवाल हवा असतो, आणि चार माणसे आधी तीन संगणकांवर, मग ईमेलमध्ये आणि शेवटी व्हॉट्सअॅपवर तो शोधत बसतात. हीच माणसे घरी गेल्यावर मोबाइलवर काहीही विचारतात आणि त्यांना क्षणात उत्तर मिळते. जगातले सगळे सापडते, मग आपल्याच कंपनीतला कागद का सापडत नाही, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. मी कंपन्यांच्या आतल्या कागदपत्रांसाठी शोधप्रणाली तयार करणाऱ्या कंपनीत काम करतो. या प्रश्नाचे उत्तर देण्यातच माझी नोकरी चालली आहे.

इंटरनेटवरच्या शोधाला लोकांची फुकट मदत होते. एका पानाने दुसऱ्या पानाचा दुवा दिला की ते त्याला दिलेले मत समजायचे, ही गूगलच्या संस्थापकांनी १९९८ मध्ये मांडलेली कल्पना त्याच मदतीवर उभी आहे. कारखान्याच्या फोल्डरमध्ये पडलेल्या एक्सेल फायलीला कोण दुवा देणार? शिवाय इंटरनेटवर एका प्रश्नाला चालण्याजोगी दहा उत्तरे असतात, तर ड्रॉइंगची चालू आवृत्ती एकच असते. आमच्या एका गिऱ्हाइकाकडे जुनी आवृत्ती यादीत वर आली, कारण तिच्यावर वर्षानुवर्षांचे शेरे साठले होते आणि नव्या ड्रॉइंगवर नुसता नंबर होता. त्या जुन्या मापाने माल ओतला गेला आणि सगळाच्या सगळा परत आला. फायलींची नावे नीट नव्हती, असे आम्ही काही दिवस म्हणत राहिलो. पण आवृत्तीचा रकाना वेगळा वाचायला यंत्राला आम्हीच सांगितले नव्हते, हे मला इथे कबूल केले पाहिजे.

यंत्राच्या पोटात जे चालते ते तुम्हाला परिचित आहे. ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, तशीच सूची यंत्र आधीच करून ठेवते: कोणता शब्द कोणत्या कागदात कुठे आला. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये लिहिलेली ल्युसीन ही मुक्त प्रणाली असेच काम करते, आणि २०१० मध्ये आलेले इलॅस्टिकसर्च हे शोधयंत्र तिच्यावरच उभे आहे. त्याचे कर्ते शाय बॅनन यांचा खटाटोप मुळात पत्नीच्या पाककृती शोधता याव्यात म्हणून सुरू झाला होता, हे जाता जाता सांगतो. सापडलेल्या कागदांचा क्रम लावण्यामागचे मुख्य सूत्र मात्र १९७२ चे, कॅरन स्पार्क जोन्स या ब्रिटिश विदुषीचे आहे: जो शब्द कमी कागदांत आढळतो त्याचे वजन जास्त. फौंड्रीच्या प्रत्येक कागदात ‘कास्टिंग’ असतेच, म्हणून तो शब्द शोधाला निरुपयोगी. ‘ब्लोहोल’, म्हणजे ओतलेल्या धातूत हवेने राहिलेले भोक, हा शब्द मोजक्याच अहवालांत असतो, म्हणून तो मोलाचा.

मराठी कागदांची अडचण याहून वेगळी आहे. प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी युनिकोड पद्धत येण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले पत्र पडद्यावर मराठी दिसते, पण फायलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात. तिथे ‘साचा’ शोधला तर तो जन्मात सापडणार नाही, आधी ती फाइल रूपांतरित करावी लागते. युनिकोडमध्येसुद्धा ‘सुऱ्या’मधला ऱ्य दोन प्रकारांनी लिहिता येतो, आणि डोळ्यांना सारखे दिसणारे हे दोन शब्द यंत्राच्या लेखी निराळे असतात. त्यात आपली सामान्यरूपे: साचा, साच्याला, साच्यातून. इंग्रजी शब्दाच्या शेवटचा एस काढून टाकण्याइतके हे सोपे नाही.

परवानगीचा प्रश्न मी सर्वांत नाजूक मानतो. पगाराचा तक्ता फक्त मालक आणि हिशेबनिसाने पाहावा, हे यंत्राला प्रत्येक शोधाच्या वेळी कळले पाहिजे. कागद लपवणे पुरेसे नाही. एखाद्या कामगाराचे नाव आणि ‘बडतर्फी’ असे टाइप केल्यावर ‘तीन कागद सापडले, पण आपल्याला पाहता येणार नाहीत’ असे उत्तर आले, तर सांगायचे काय उरले?

आता अर्थ ओळखणाऱ्या नव्या प्रणाली आल्या आहेत आणि विक्रेते त्याच दाखवतात. त्या उपयुक्त आहेत. ‘भेग’ विचारल्यावर ‘क्रॅक’चा अहवाल त्या आणून देतात. पण त्यांना ४२१७ आणि ४२७१ हे पार्ट नंबर भावंडांसारखे वाटतात, आणि तुमच्या धंद्यात तेवढ्या फरकाने ट्रक परत येतो. म्हणून जुनी शब्दसूची आणि नवी पद्धत आम्ही शेजारी शेजारी चालवतो.

खरेदी करण्यापूर्वी काय पाहावे, असे मला नेहमी विचारले जाते. ज्या शोधांना शून्य उत्तरे आली त्यांची यादी ती प्रणाली देते का, एवढे आधी विचारा. एका कारखान्यात अशी यादी मी पाहिली, तर तिच्यात ‘पुण्याचं झाकण’ हे शब्द पुन्हा पुन्हा आले होते. मला अर्थ लागेना. भट्टीवरच्या सुपरवायझरांनी हसत सांगितले की ड्रॉइंगवर ज्याला ‘कव्हर प्लेट’ म्हणतात तो हा भाग; गिऱ्हाईक पुण्याचे, म्हणून सगळे त्याला तसेच म्हणतात. मी त्यांच्या शेजारी दोन दुपारी बसून असे शब्द वहीत उतरवून घेतले आणि समानार्थी शब्दांच्या यादीत भरले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः खुर्ची ओढली, एका बोटाने ‘पुण्याचं झाकण’ टाइप केले, आणि चालू आवृत्तीचे ड्रॉइंग पहिल्या ओळीत आले.