न सापडलेल्या तेलाची मोजणी

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या श्रावणात वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यात गेलो होतो. शेजारच्या काकूंकडे पुरण शिजत होतं. शेगडीची आच कमी करता करता त्यांनी मला विचारलं, "तू जन्मभर जमिनीत तेल शोधत हिंडलास ना रे? मग सांग, हा गॅस अजून किती वर्षं पुरणार?" मी म्हटलं, "काकू, सापडलेला किती ते सांगता येतं." त्यावर त्या म्हणाल्या, "ते पेपरात येतंच. न सापडलेला किती, ते सांग. आणि जो सापडलाच नाही, तो तुम्ही मोजता तरी कसा?"

मी भूशास्त्रज्ञ म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झालो. पण इतका नेमका प्रश्न मला बड्या बैठकांमध्येही फार थोड्यांनी विचारला. त्या दिवशी काकूंना नीट सांगता आलं नाही, ते आज सांगतो.

सुरुवात आपल्या दारापासूनच करू. हवा स्वच्छ असली की वडोदऱ्याच्या गच्चीवरून पूर्वेला पावागड दिसतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि त्यांतून सह्याद्रीचा काळा पत्थर झाला. पावागड त्याच कुळातला. आता तोंड फिरवा, पश्चिमेला खंबातच्या आखाताकडे बघा. तिकडे डोंगर नाही, सपाट काळी जमीन आहे. पण तोच काळा पत्थर तिथेही आहे, हजारो फूट खोल. जमीन तिथे भेगाळून खचत गेली आणि त्या खळग्यात कोट्यवधी वर्षं गाळ साचत राहिला. यालाच आम्ही खंबातचं खोरं म्हणतो. पूर्वेला डोक्यावर आणि पश्चिमेला पायाखाली खोल, असा एकच खडक, आणि मध्ये आपलं गाव. लहानपणी पावागड चढताना हे कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला फार वाटतं.

त्या गाळात तळाजवळ काळसर चिकणमातीचा एक जाड थर आहे. आम्ही त्याला खंबात शेल म्हणतो. त्या काळच्या पाण्यातले सूक्ष्म जीव आणि काठावरचा पालापाचोळा त्यात गाडला गेला. थर जसजसा खोल गेला तसतसा तापत गेला. साठ अंशांच्या पुढे तेल तयार व्हायला लागतं, दीडशेच्या आसपास ते संपतं, आणि त्याहून तापलं की उरतो तो गॅस. म्हणजे आपल्या पुरणासारखंच, आच कमी पडली तर कच्चं, जास्त झाली तर करपलं. तयार झालेलं तेल हलकं असल्यामुळे वर सरकतं आणि जुन्या नदीमुखाच्या वाळूत शिरतं. त्या वाळूवर पुन्हा चिकणमातीचं झाकण असेल, आणि थर घुमटासारखा फुगलेला असेल, तर तेल तिथे अडकतं. 1960 साली अंकलेश्वरला सापडलं ते असंच अडकलेलं तेल. त्याच्या आधी, 1958 मध्ये, खंबातजवळ लुणेजला पहिला पुरावा मिळाला होता. कोयलीची रिफायनरी 1965 ची, तीही या शोधांमुळेच आपल्या गावाशेजारी आली.

आता मोजणीकडे येतो. नवं खोरं समोर आलं की आम्ही तीन प्रश्न विचारतो. तेल शिजवणारा खडक आहे का, आणि तो पुरेसा तापला का? तेल साठवणारी वाळू, वरचं झाकण आणि घुमट आहेत का? आणि तिसरा, ज्याच्याकडे नवशिक्यांचं दुर्लक्ष होतं: वेळ जुळली का? घुमट तयार व्हायच्या आधीच तेल निघून गेलं असेल, किंवा घुमट भरल्यावर झाकण तडकलं असेल, तर सगळं असून हाती काही नाही.

प्रत्येक प्रश्नाला आम्ही हो किंवा नाही म्हणत नाही, खात्री किती ते आकड्यात सांगतो. समजा पहिल्याला दहात आठ, दुसऱ्याला दहात सात, तिसऱ्याला दहात पाच. या तिघांचा गुणाकार करायचा. उत्तर येतं शंभरात अठ्ठावीस. वेगवेगळं पाहिलं तर तिन्ही आकडे बरे वाटतात, एकत्र आले की आशा एक-चतुर्थांशावर येते. हा गुणाकार मी हाताने शेकडो वेळा केला आहे आणि प्रत्येक वेळी मन थोडं खट्टू झालं आहे.

तिसऱ्या प्रश्नाने मला तरुणपणीच धडा शिकवला. खंबातच्या खोऱ्यातल्या एका रिगवर, म्हणजे विहीर खोदायच्या यंत्रावर, मी रात्रपाळीला होतो. नकाशावर घुमट सुरेख होता. ड्रिलिंगच्या चिखलाबरोबर खडकाचा चुरा वर येतो, त्याला आम्ही कटिंग्ज म्हणतो. ते धुवायचे आणि अल्ट्राव्हायलेट दिव्याखाली धरायचे. तेल असलं की दाणे पिवळसर चमकतात. त्या रात्री दाणे चमकले. मी धावत जाऊन सगळ्यांना उठवलं. पुढे विहिरीची पूर्ण चाचणी झाली आणि वर आलं ते खारं पाणी. तेल तिथून वाहून गेलं होतं, चमक होती ती मागे राहिलेल्या पुसट डागांची. अलास्काच्या उत्तरेला समुद्रात 1983 साली मकलक नावाच्या विहिरीचं असंच झालं. जगातल्या सर्वांत महागड्या कोरड्या विहिरींमध्ये ती गणली जाते. तिथेही घुमट होता, वाळू होती, तेलाचे डाग होते, आणि तेल केव्हाच निसटलं होतं.

समजा, तीनही प्रश्नांतून खोरं पार पडलं. मग तेलाची किती क्षेत्रं असतील आणि केवढी? इथे मला आपलं आजवा सरोवर आठवतं. कल्पना करा, वडोदऱ्याच्या परिसराचा नकाशा तुम्हाला माहीत नाही आणि दाट धुक्यात तुम्ही पाण्याचे साठे शोधत निघाला आहात. सगळ्यात आधी आजवा सापडेल, कारण ते चुकवणंच अवघड. मग सुरसागर. मग गावोगावची तळी, आणि मग शेतातली डबकी, जी मोजताही येणार नाहीत. निसर्गात तेलाचीही मांडणी अशीच असते: थोडी प्रचंड क्षेत्रं, बरीच मध्यम, असंख्य छोटी. सौदी अरेबियातलं घवार 1948 मध्ये सापडलं, आणि त्याच्याएवढं दुसरं आजवर सापडलेलं नाही. म्हणून कुठल्याही खोऱ्यात आतापर्यंत काय क्रमाने सापडलं ते पाहिलं की उरलेल्यात मोठी किती आणि डबकी किती, याचा अंदाज बांधता येतो.

हे लक्षात न घेतल्याने एकदा मोठी चूक झाली. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत 1960 च्या सुमारास अंदाज निघाला की त्या देशातून एकूण 590 अब्ज बॅरल तेल मिळेल. त्यामागचं गृहीतक असं, की पुढे खोदलेला प्रत्येक फूट आधीच्या फुटाइतकंच तेल देईल. म्हणजे आजवा सापडलं, तर आता प्रत्येक फेरीला एक आजवा! किंग हबर्ट हा भूभौतिकशास्त्रज्ञ त्याच्या आधीच, 1956 मध्ये, दीडशे ते दोनशे अब्ज सांगत होता आणि 1970 च्या आसपास उत्पादन शिखर गाठेल म्हणत होता. ते 1970 मध्येच झालं. पण हबर्टचंही सगळं खरं ठरलं नाही. ज्या शेलमध्ये तेल शिजतं तोच खडक फोडून तेल काढण्याचं तंत्र आलं आणि 2018 मध्ये अमेरिकेचं उत्पादन जुन्या शिखराच्या वर गेलं. ते तेल हबर्टच्या हिशोबात नव्हतंच. म्हणून कुठलाही अंदाज वाचताना त्यात काय धरलं आहे ते आधी पाहावं.

आता चिठ्ठ्यांचा भाग, जो मला सगळ्यात आवडतो. समजा तीन मडकी आहेत. एकात क्षेत्रं किती असतील त्याच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात प्रत्येक क्षेत्र केवढं त्याच्या, तिसऱ्यात खोरं मुळात लागेल की नाही याच्या. जी गोष्ट जास्त संभवते तिच्या चिठ्ठ्या जास्त. एकेक उचलायची, हिशोब मांडायचा, चिठ्ठी परत टाकायची, पुन्हा उचलायची. कॉम्प्युटर हे पन्नास हजार वेळा करतो. या पद्धतीला मॉन्टे कार्लो म्हणतात. 1946 मध्ये स्टॅनिस्लाव्ह उलाम हा गणितज्ञ आजारपणातून उठत असताना एकट्याने खेळायच्या पत्त्यांचा डाव मांडून बसला होता, तेव्हा त्याला ही युक्ती सुचली.

या पन्नास हजार उत्तरांतून एक आकडा निघत नाही, आकड्यांचा पट्टा निघतो. अमेरिकेच्या त्या संस्थेने 2000 साली जगाचा असा अंदाज छापला, त्यांचा स्वतःचा देश वगळून. किमान इतकं तेल सापडेल याची शंभरात पंच्याण्णव खात्री, असा आकडा होता 334 अब्ज बॅरल. शंभरात पाचच शक्यता ज्याची, तो 1,107 अब्ज. सरासरी 649. एक बॅरल म्हणजे साधारण 159 लिटर. खालचं टोक आणि वरचं टोक यांत तिपटीहून जास्त फरक! पेपरात मात्र सरासरीच छापून आली. मला याचं आजही वाईट वाटतं, कारण त्या पट्ट्याची रुंदी म्हणजेच आमची माहिती आहे. ती काढून टाकली तर उरतो तो ज्योतिषाचा आकडा.

आणखी एक खाचखळगा सांगतो, त्यात शिकलेली माणसंही पडतात. दहा खोऱ्यांचे वरच्या टोकाचे आकडे घेतले आणि बेरीज केली, तर ती चुकते. एका खोऱ्यात नशीब फळफळण्याची शक्यता वीसात एक असेल, तर दहाही खोऱ्यांत एकदम फळफळेल का? म्हणून बेरीज फक्त सरासरींची करायची, टोकांची पुन्हा चिठ्ठ्या काढून करायची.

2012 मध्ये त्याच संस्थेने जगाचा हिशोब पुन्हा मांडला. 171 भूवैज्ञानिक प्रदेश, अमेरिका वगळून. सरासरी तेल 565 अब्ज बॅरल, गॅस 5,606 लाख कोटी घनफूट. जग दिवसाला सुमारे दहा कोटी बॅरल तेल वापरतं. त्या दराने 565 अब्ज म्हणजे पंधरा वर्षांचं तेल. पण काकू, पंधरा वर्षांनी तेल संपेल असा याचा अर्थ नाही. जे सापडून हातात आहे ते याहून वेगळं आणि बरंच जास्त.

असे अंदाज खरे ठरतात का? दोन उदाहरणं देतो, दोन्ही 2000 च्या त्याच अहवालातली. पूर्व ग्रीनलंडच्या समुद्रात 47 अब्ज बॅरल असावेत असं म्हटलं होतं. थोड्याच वर्षांत नव्या माहितीवर तो आकडा नऊ अब्जांच्या आसपास आला, आणि 2021 मध्ये ग्रीनलंडने नव्या शोधाचे परवाने द्यायचंच थांबवलं. दुसरीकडे दक्षिण अमेरिकेतल्या गयाना आणि सुरीनामच्या खोऱ्यात, जिथे अनेक विहिरी कोरड्या गेल्या होत्या, पंधरा अब्ज असतील असा अंदाज होता. पुष्कळांनी तो उचलून धरला नाही. 2015 मध्ये तिथल्या खोल समुद्रात लिझा क्षेत्र सापडलं आणि मग एकामागोमाग शोध लागत गेले.

आपल्या देशाचं काय? भारतात गाळाची 26 खोरी आहेत. 2017 च्या फेरमोजणीत त्यांच्यातलं पारंपरिक तेल आणि गॅस मिळून, तेलाच्या मापात, सुमारे 41.87 अब्ज टन धरलं गेलं. आधी ते 28 अब्ज होतं. हा आकडा कुणी तुम्हाला ऐकवला तर एक प्रश्न जरूर विचारा: जमिनीत आहे ते, की वर काढता येईल ते? 41.87 अब्ज हे जमिनीत असलेलं आहे. वाळूच्या बारीक छिद्रांतून सगळं तेल कधीच निघत नाही. जगभरात सरासरी एक-तृतीयांशाच्या आसपास निघतं. आणि या आकड्यातलं बरंचसं अजून सापडायचंच आहे. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं 85 टक्क्यांहून जास्त आजही बाहेरून येतं, ते हा आकडा असतानाच.

तरीही कुठल्याही खोऱ्यावर लवकर काट मारू नये, असं मी अनुभवाने शिकलो. 1950 च्या दशकात पश्चिम बंगालच्या गाळात एका अमेरिकी कंपनीबरोबर मिळून विहिरी खोदल्या गेल्या. व्यापारी दर्जाचं काही लागलं नाही, आणि प्रकल्प बंद झाला. पुढच्या पिढ्यांनी तिथला सिस्मिकचा, म्हणजे जमिनीत लहरी सोडून त्यांचे पडसाद टिपण्याचा, अभ्यास चालू ठेवला. शेवटी कोलकात्याजवळ अशोकनगरला तेल लागलं आणि डिसेंबर 2020 मध्ये उत्पादन सुरू झालं. ते भारतातलं आठवं उत्पादक खोरं ठरलं. त्या पहिल्या विहिरींच्या कोअरच्या, म्हणजे विहिरीतून काढलेल्या खडकाच्या नमुन्यांच्या, पेट्या आणि नोंदी तेव्हा कुणी टाकून दिल्या नाहीत, पुढच्यांना त्या मिळाल्या असाव्यात, अशी माझी समजूत आहे.

काकूंकडे येत्या पाडव्याला पुन्हा जायचं आहे. या वेळी बरोबर तीन आकडे नेणार आहे: खालचं टोक, सरासरी आणि वरचं टोक.