वीतभर पाण्यातलं शेपूट

(पहाट. खारं गवत. पाण्यावर धुकं.)

अमेरिकेतलं लुईझियाना राज्य. मिसिसिपी नदी मेक्सिकोच्या आखाताला मिळते, तिथलं हे खाजण. आपल्या खाड्यांसारखी इथे तिवरांची दाटी नाही. नजर पोचेल तिथवर कंबरेएवढं खारं गवत आणि मधे मधे उथळ डबकी. मुंबईला उधाणाचं पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, इथे जेमतेम फूटभर. त्यामुळे इथला मासेमार भरतीइतकाच वाऱ्याचा अंदाज घेतो. उत्तरेचा वारा दोन दिवस लागला, की खाजणातलं पाणी आखाताकडे लोटलं जातं. जे उरतं त्यात मासा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. आम्ही गरवायला आलोय तो रेड ड्रम.

इंजिन बंद केलंय. त्याच्याच डोक्यावर बांधलेल्या मचाणावर उभा राहून आमचा वाटाड्या लांब काठीने बोट रेटतोय. काठी बोटीच्या कडेवर वाजली तर मासा गेला. डब्याचं झाकण आपटलं तरी गेला. म्हणून या बोटीवर सगळे अनवाणी आहेत.

आता डावीकडे बघा, गवताच्या कडेला.

(शेपूट. पाण्याबाहेर, हलतंय.)

हाच रेड ड्रम. स्थानिक लोक याला रेडफिश म्हणतात. याचं तोंड खालच्या अंगाला असतं. चिखलातला खेकडा उकरायला तो डोकं खाली घालतो आणि पाणी कमी पडलं की शेपूट वर येतं. शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका दिसतोय? शिकाऱ्याने त्यालाच डोळा समजावं आणि डोक्याऐवजी शेपटीवर झडप घालावी, यासाठी तो असावा असं मानतात. कुणाला एकच ठिपका असतो, कुणाला चार-पाच.

‘दहा वाजता, चाळीस फूट.’ मचाणावरून हळू आवाजात सांगितलं जातं. बोटीचं टोक म्हणजे बारा, त्यावरून दिशा. गळ माशावर टाकायचा नाही. त्याच्या पलीकडे, थोडा पुढे टाकायचा आणि सोनेरी पत्र्याचं ते आमिष हळूहळू त्याच्या वाटेवर आणायचं. डोक्याशी पडलं तर चिखलाचा एक ढग उठतो आणि डबकं रिकामं होतं. सकाळपासून आमच्याबाबतीत हे तीनदा झालंय.

(चौथी फेक. निवेदन नाही. रिळाचा आवाज.)

चिंचेने घासलेल्या तांब्याच्या हंड्याचा हा रंग. पोटाकडे पांढरा. जाळीतून वर घेताना तो गुरगुरतो, आणि नावातला ‘ड्रम’ इथूनच आला. नराच्या पोटातल्या हवेच्या पिशवीभोवती स्नायू असतात. ते थरथरले की पिशवी ढोलासारखी घुमते. उन्हाळा सरताना, पिलावळीच्या दिवसांत, संध्याकाळी खाड्यांच्या मुखाशी नर असा आवाज काढून माद्यांना बोलावतात. आपली घोळ आणि ढोमा याच कुळातले. पालघरचे कोळी घोळीच्या पोटातून जे बोत काढतात आणि ज्याला सोन्याचा भाव मिळतो, ती हीच पिशवी.

(हॉटेलचं स्वयंपाकघर. बिडाचा तवा, धूर.)

आता चाळीसहून जास्त वर्षं मागे जाऊ. १९७९ मध्ये लुईझियानातल्याच न्यू ऑर्लिन्स शहराच्या फ्रेंच क्वार्टर या जुन्या वस्तीत शेफ पॉल प्रुधोम यांनी ‘के-पॉल्स’ हे हॉटेल काढलं. त्यांनी रेडफिशची तुकडी लोण्यात बुडवली, तिला तिखट मसाला चोळला आणि लालबुंद तापलेल्या बिडाच्या तव्यावर टाकली. बाहेरून काळी, आतून ओलसर. काही वर्षांत अमेरिकाभर हॉटेलांच्या यादीत हाच पदार्थ होता. तोवर किनाऱ्याजवळच्या माणसांचा मासा होता तो, खाजणातल्या पोरांनी शाळा सुटल्यावर गरवून आणायचा. आता त्याला गिऱ्हाईक शिकागोत आणि न्यूयॉर्कमध्ये होतं. खाजणातला मासा त्यांना पुरेना, तेव्हा बोटी खोल आखातात गेल्या. मोठे मासे तिथे थव्याने पृष्ठभागाजवळ येतात आणि आकाशातून पाण्यावर तांबूस डाग दिसतो. विमानातून तो डाग हेरायचा, खाली बोटीला कळवायचं, थव्याभोवती पर्ससीन जाळं फिरवायचं आणि तळाशी आवळायचं. रत्नागिरी-मालवणात पर्ससीन म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

त्या थव्यात कोणते मासे होते, हे समजून घ्यायला हवं. रेड ड्रमची पिल्लं खाजणात वाढतात. तीन-चार वर्षांची झाली, वयात आली की आखातात जातात आणि पुढे चाळीस वर्षांपर्यंत जगतात. दर हंगामात लाखो अंडी घालणारे तेच. एका फेऱ्यात उचलला जात होता तो अख्ख्या किनाऱ्याचा बीजसाठा.

१९८६ मध्ये केंद्र सरकारने तातडीचा आदेश काढून ही मासेमारी थांबवली. १९८८ पासून केंद्राच्या हद्दीतल्या आखातात रेड ड्रम पकडायला पूर्ण बंदी आहे. त्याच वर्षी लुईझियानाने आपल्या पाण्यात त्याची व्यापारी मासेमारी बंद केली. आज हॉटेलात मिळणारा रेडफिश बराचसा तळ्यात वाढवलेला असतो.

(मोजपट्टी. मासा एकतीस इंच.)

जून २०२४ पासून इथे माणशी दिवसाला चारच मासे, तेही १८ ते २७ इंचांमधले. त्याआधी पाच चालायचे आणि त्यात एक २७ इंचांवरचाही ठेवता यायचा. पुढची अनेक वर्षं अंडी घालू शकणारा मासा फोटोपुरता मारायची ती मुभा मला कधीच पटली नव्हती. खाजणही आकसत चाललंय. १९३२ ते २०१६ या काळात लुईझियानाच्या किनाऱ्यावरची सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली.

हा मासा परत जाणार. वाटाड्याने आधी स्वतःचे हात ओले केलेत, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो म्हणून. एक हात पोटाखाली, दुसरा शेपटीच्या बुडाशी. तोंड वाहत्या पाण्याकडे. कल्ले एकदा उघडले. दोनदा. अजून हात काढायचा नाही, माशाने स्वतः जोर लावेपर्यंत थांबायचं.

(शेपटीचा फटकारा. चिखलाचा ढग. काळा ठिपका दिसेनासा होतो.)