सुताराची गाडी आणि माझगावची जीप

नमस्कार श्रोतेहो. आज दोन व्हिंटेज गाड्यांची गोष्ट. भायखळ्याला मामांच्या गॅरेजात दोन गाड्या शेजारीशेजारी असायच्या. एक 1948 सालची एमजी टीसी, दोन सीटची इंग्रजी स्पोर्ट्स कार. दुसरी महिंद्रांची जुनी सीजे-3बी जीप. एमजी बोटीतून आलेली पाहुणी, जीप मात्र घरची. महिंद्रांची जीपची जोडणी सुरू झाली ती इथेच, माझगावात. (काटेकोर मंडळी 1930 नंतरच्या गाडीला व्हिंटेज म्हणत नाहीत. आपल्याकडे मडगार्डला बाक असला की झालं!)

एमजीचं इंजिन 1250 सीसीचं, ताकद 54 हॉर्सपॉवर. आजची साधी हॅचबॅकही तिला मागे टाकेल. पण थंडीतल्या रविवारी पहाटे मरीन ड्राइव्हवर पुढची काच बॉनेटवर आडवी पाडा, पन्नासचा वेग शंभराचा वाटतो. काच जीपचीही पडते, पण तिथे चाळीसलाच कान बधिर होतात. जीपचं बॉनेट बेढब उंच आहे, कारण इंजिनच उंच. हवा-पेट्रोल आत घेणारे इनलेट व्हॉल्व्ह इंजिनच्या माथ्यावर, हेडमध्ये गेले, इंजिन वाढलं, ते झाकायला बॉनेट वर चढवलं. देखणेपणाचा विचारच नाही. मला तेच आवडतं.

एमजीची खरी गंमत बोल्टमध्ये. आटे मेट्रिक, डोकी व्हिटवर्थची, म्हणजे इंचातल्या जुन्या इंग्रजी मापाची! तिची इंजिनं बनवणारा कारखाना आधी हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता, तिथली यंत्रं मिलिमीटरची. त्यामुळे एक बोल्ट हरवला की मामा मला चोरबाजारात पिटाळायचे, आणि मी बहुतेकदा हात हलवत परत यायचो. शिवाय पत्र्याखाली सांगाडा लाकडाचा, अ‍ॅश नावाच्या झाडाच्या. मामा म्हणायचे, "हिला मेकॅनिकच्या आधी सुतार बोलवावा लागतो."

मुंबईसाठी निवड करायची तर माझं मत जीपला. जुलैत परळला पाणी भरलं की फोन यायचा, अमक्याची गाडी बंद पडली. मामा जीपच्या पंख्याचा पट्टा काढायचे, म्हणजे पंखा इंजिनवर पाणी उडवत नाही. मग छोटे दांडे टाकून फोर व्हील लो, म्हणजे चारही चाकांना मंद पण जोरदार ओढ, आणि दोरखंड मागे टाकून निघायचे.

निघण्याआधी मात्र ताडपत्री उचलून एमजीच्या दाराच्या खांबावर बोटाने टकटक करायचे. आवाज बद्द आला की चेहरा पडायचा. लाकडाने पाणी धरलं होतं.