काकूंनी दिलेला दाखला

नमस्कार श्रोतेहो.

लकव्यानंतर हातापायाला करंट देतात, त्याबद्दल आज बोलते. घराघरांत फिरून फिजिओथेरपी करताना एक वाक्य नेहमी कानावर येतं, "आता मशीनच बरं करील." मशीन एकटं बरं करत नाही. का, ते वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका काकांवरून सांगते.

काका शिंपी. लकव्यानं डावी बाजू गेलेली. चालताना डावं पाऊल लटकायचं, डाव्या चपलेचं नाक घासून शिवण उसवली होती. उजवी जशीच्या तशी. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला हाडाचं टेंगूळ हाताला लागतं. त्याच्याजवळून पाऊल उचलणारी नस जाते. मशीनचा करंट देणारा एक पॅड तिथे चिकटवला, दुसरा नडगीशेजारच्या मांसावर. पाऊल वर आलं, पण बाहेर वळून. वरचा पॅड बोटभर सरकवला, तसं सरळ आलं. काका लगेच म्हणाले, "अगं, पेन आण." उजव्या हातानं त्यांनी पॅडभोवती रेघ मारली. अंघोळीत पुसट झाली की रोज गिरवायचे. मापाची खूण चुकायला नको, म्हणून.

पण चार दिवसांत काका करंट चालू असताना घोरायला लागले. मी म्हटलं, काका, करंट आला की तुम्हीही पाऊल उचला. ते चिडले, "मशीन उचलतंय, मग मी कशाला?" काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "शिलाईयंत्राला मोटार लावलीत, म्हणून कापड सरकवायचं सोडलंत का?"

काका गप्प. दुसऱ्या दिवसापासून दर झटक्याला "उचल" म्हणत जोर लावू लागले. काही आठवड्यांनी एका सकाळी पॅड लावायच्या आधीच अंगठा हलला. काकू चहाचा कप हातात धरून तशाच उभ्या.

लकव्यात बिघाड मेंदूत असतो. पायाची नस आणि स्नायू शाबूत असतात, म्हणून करंट लागू पडतो. पण हुकूम मेंदूनंच पुन्हा शिकायचा असतो. म्हणून करंटबरोबर स्वतःचा जोर. पुन्हा सांगते, करंटबरोबर स्वतःचा जोर. 1961 साली डॉक्टर लिबरसन यांनी टाचेखाली स्विच बसवून चालतानाच हा करंट द्यायची युक्ती मांडली. टाच उचलली की चालू, टेकली की बंद.

करंट वाढवला म्हणून लवकर बरं होत नाही, स्नायू मात्र लवकर थकतो. पेसमेकर असेल, पोटरी सुजून दुखत असेल, कातडी फाटली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅड लावू नका. गळ्यावर तर कधीच नाही.

आणि जुन्या वाड्यांतली खरखरीत शहाबादी काढून आरशासारख्या टाइल्स बसवायची ही जी हौस आहे ना, तिचा मला मनापासून राग येतो. लटकतं पाऊल त्यावर ठरत नाही. सपाताही घरात नकोत, मागे पट्टा हवा. काकांनी आपल्या चपलेला कॅनव्हासचा पट्टा स्वतः शिवला. सुई काकूंनी ओवून दिली.

नमस्कार.