लॅक्स्टनची खुंटी

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘इंग्लंडातली कुंपणं आणि लॅक्स्टन’. कुंपणांकडे येतोच. आधी खुंटी.

नॉटिंगहॅमशरमधल्या या गावाची तीन मोठी उघडी रानं: वेस्ट फील्ड, साऊथ फील्ड, मिल फील्ड. एकेका रानात अनेकांच्या पट्ट्या, मधे कुंपण नाही. एका रानात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं पड. दरवर्षी पाळी सरकते. घरं शेतात नाहीत, गावरस्त्याला धरून. भटक्या गुरांसाठी कोंडवाडासुद्धा आहे.

आता बांध कोरणं. (हसू नका, या सभागृहात दोघांचे तरी दावे चालू असतील.) तिथे बांधच नाही, पट्टीची हद्द म्हणजे नांगराचं शेवटचं तास. ते दोन बोटं पुढे गेलं की शेजारी भांडतो, म्हणून कोरायला सोयीचा साइक. साइक म्हणजे उताराची किंवा ओलसर, नांगरायला गैरसोयीची गवताची पट्टी. गवत सामायिक, उन्हाळ्यात त्याचा लिलाव होतो. ती कोरली तर नुकसान सगळ्यांचं, म्हणजे भांडायला कोणीच येत नाही!

म्हणून ज्यूरी. नोव्हेंबरअखेर, गव्हाची पेरणी झालेल्या रानात बारा जण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जातात. तेव्हा शेवटचं तास उघडं दिसतं, पीक वाढल्यावर दिसत नाही. नांगर रस्त्यात किंवा साइकमध्ये घुसला असेल तिथे खरी हद्द धरून खुंटी ठोकायची, नाव टिपायचं. चर तुंबवला, तरी नाव टिपायचं. मग डव्हकोट इनमध्ये जेवण. आठवड्याने तिथेच कोर्ट लीट, म्हणजे गावचं जुनं न्यायालय, भरतं, दंड वाचून दाखवतात आणि पुढच्या वर्षीची ज्यूरी शपथ घेते. रक्कम किरकोळ, झोंबतं ते शेजाऱ्यांसमोर नाव वाचलं जाणं. आणि आज दंड लावणारा उद्या भरणारा असू शकतो, त्यामुळे कोणी फार ताणत नाही.

या गावाला ‘जिवंत संग्रहालय’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. संग्रहालयात कोणाला दंड होतो का? ‘सामायिक ते बेवारस’ म्हणणाऱ्या अर्थशास्त्राच्या मास्तरांना त्या ट्रॉलीत बसवा, नोव्हेंबरच्या चिखलात!

अध्यक्षांची चिठ्ठी आली. बरं, कुंपणं. 18व्या-19व्या शतकांत पार्लमेंटने हजारो कायदे करून अशी रानं एकेकाला वाटून दिली आणि त्यांना कुंपणं पडली. लॅक्स्टनचा बराच भाग सुटला, कारण अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कार्बरो या जमीनदारांचं आपसांत जमलं नाही. तत्त्वबित्त्व काही नाही. मार्क पिअर्सच्या 1635च्या नकाशात (तो ऑक्सफर्डला बॉडलियन ग्रंथालयात आहे) पट्ट्या फार बारीक दिसतात. 20व्या शतकाच्या सुरुवातीला त्या एकत्र करून रुंद केल्या. गावाची मालकी 1952मध्ये कृषी मंत्रालयाकडे, 1981मध्ये क्राउन इस्टेटकडे (राजसत्तेच्या जमिनी सांभाळणारी संस्था), 2020मध्ये थोर्सबी इस्टेट या खाजगी जमीनदारीकडे गेली. 1977च्या कायद्याने अशा जुन्या कोर्टांचे अधिकार काढले, लॅक्स्टनचे मात्र ठेवले. प्रश्न चहाच्या टेबलावर घेऊ.